झेरॉक्समध्ये कापलं गेलेलं नाव : इन्यास प्लेयेल

शततंत्री

लेक गेली चार वर्षं व्हायोलिन शिकते आहे, पाश्चात्त्य पद्धतीनं. शनिवारच्या तासाला शेवटची दहा मिनिटं ती पहिलं व्हायोलिन वाजवते आणि सर दुसरं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकते. ज्या कागदांवरून ते वाजवतात, त्यांची झेरॉक्स काढताना वरची कड कापली गेली होती, त्यामुळे रचना कोणाची ते कळायला मार्ग नव्हता. घरी आम्ही तिला नुसतं ‘शनिवारचं’ म्हणायचो. गेल्या महिन्यात सरांनी मूळ पुस्तक आणलं तेव्हा नाव दिसलं : प्लेयेल, दोन व्हायोलिनसाठी सहा ड्युएट, ओपस ८ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक).

प्लेयेल हे नाव मला पियानोवरचं म्हणून ठाऊक होतं. संगीतकार शोपाँचा आवडता पियानो प्लेयेलचा, आणि पॅरिसमधलं ते प्रसिद्ध सभागृह म्हणजे साल प्लेयेल. या नावाचा माणूस स्वतः संगीतकार होता, हे कधी मनातही आलं नव्हतं. महिनाभर मिळेल ते वाचून काढलं आणि आता कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून हा धागा.

जन्म १८ जून १७५७ चा, व्हिएन्नाजवळच्या रुपर्स्टाल नावाच्या खेड्यातला. वडील शाळामास्तर. एर्डोडी नावाच्या सरदारानं खर्च उचलला आणि साधारण १७७२ पासून हा मुलगा आयझेनश्टाटला थेट थोर संगीतकार योझेफ हायडनकडे राहून शिकला. राहणं, जेवण, शिक्षण सगळं गुरूच्या घरी. एकोणिसाव्या वर्षी त्याचा कळसूत्री बाहुल्यांचा ऑपेरा एस्टरहाझा इथे झाला. १७८४ मध्ये मोत्झार्टनं वडिलांना पत्र लिहून कळवलं की कोणा प्लेयेलची क्वार्टेट (चार वादकांसाठीच्या रचना) निघाली आहेत, ती मिळवा, त्यात गुरू लगेच ओळखू येतो. आणि पुढेमागे हा हायडनची जागा घेऊ शकला तर संगीताचं भाग्यच म्हणायचं. मोत्झार्ट दुसऱ्याची अशी तारीफ सहसा करत नसे, म्हणून हे पत्र मी दोनदा वाचलं.

तोवर प्लेयेल स्ट्रासबुर्गला आला होता, तिथल्या कॅथीड्रलमध्ये संगीतप्रमुख रिश्टर यांचा मदतनीस म्हणून. १७८९ मध्ये रिश्टर वारले आणि मुख्य पद त्याच्याकडे आलं. साल बघा! पद हाती आलं आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्रांती झाली. हळूहळू चर्चमधलं संगीत बंद पडलं. माणूस तिशीत, लग्न झालेलं, लहान मूल, आणि नोकरीच्या नावानं शून्य.

तेवढ्यात लंडनहून बोलावणं आलं. तिथे सालोमन नावाच्या आयोजकानं हायडनला आणून मैफली गाजवल्या होत्या. त्याला टक्कर द्यायला प्रतिस्पर्धी संस्थेनं कोणाला बोलवावं? हायडनच्याच शिष्याला. १७९१ च्या डिसेंबरात प्लेयेल लंडनला पोचला. वर्तमानपत्रांना गुरू-शिष्याची झुंज हवी होती. प्रत्यक्षात तो पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी दोघं एकत्र जेवले. प्लेयेलनं आपल्या पहिल्या कार्यक्रमात गुरूची सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदाची रचना) वाजवली आणि हायडन समोर श्रोत्यांत बसला होता. हायडननं एका स्नेही बाईंना लिहिलं की हा माझ्याशी इतक्या नम्रपणे वागला की माझं प्रेम त्यानं पुन्हा जिंकलं.

लंडनच्या कमाईतून त्यानं अल्सासमध्ये इटनविलर इथे एक मोठा वाडा घेतला. क्रांतीच्या ऐन भरात हे महागात पडलं. परकी जन्मभूमी, चर्चची चाकरी आणि वर वाडा, संशय यायला आणखी काय हवं? त्याला पकडून पहाऱ्यात बसवलं आणि देशभक्तीपर रचना लिहून घेतली, अशी कथा सांगतात. कथेचं खरंखोटं बाजूला ठेवू; ‘१० ऑगस्टची क्रांती’ ही रचना मात्र आहे, आणि तिच्यात चर्चमधून उतरवलेल्या खऱ्या घंटा वाजतात. तोफा ओतण्यासाठी जमा केलेल्या घंटांच्या ढिगातून त्यानं सुरात बसणाऱ्या सात घंटा निवडल्या म्हणे. ढिगाऱ्यात उभा राहून एकेका घंटेवर टोला मारून कान देणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

१७९५ मध्ये तो पॅरिसला आला, दुकान थाटलं आणि प्रकाशक झाला. मला खरं सांगायचं आहे ते इथून पुढचं. या प्रकाशनसंस्थेनं १८३४ पर्यंत, म्हणजे ३९ वर्षांत, सुमारे चार हजार रचना छापल्या. बोकेरिनी, बीथोवन, क्लेमेंटी, डुसेक, हुम्मेल सगळे त्यात आहेत. १८०१ मध्ये त्यानं हायडनच्या क्वार्टेटांचा समग्र संच काढला, बोनापार्टला अर्पण केलेला. आणि १८०२ मध्ये ‘बिब्लिओतेक म्युझिकाल’ नावाची मालिका सुरू केली : खिशात मावतील एवढे स्कोअर.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. क्वार्टेट म्हणजे चार वादक. त्या काळी ते चार वेगळ्या वह्यांत विकलं जाई, प्रत्येक वादकाला आपली वही. चारही ओळी एकाखाली एक, म्हणजे स्कोअर, सहसा कोणी छापत नसे, कारण वाजवायला त्याची गरज नव्हती. त्यामुळे रचना पूर्ण कशी उभी आहे हे डोळ्यांनी बघायची सोय नव्हती. प्लेयेलनं ती करून दिली, आणि ती लहान आकारात. वाजवता न येणाऱ्यालासुद्धा मैफलीला जाताना खिशात घालून नेता यावी अशी. आज जगभर विद्यार्थी जे छोटे स्कोअर हातात घेऊन ऐकतात, त्याची सुरुवात तिथली आहे.

पियानोचा कारखाना नंतरचा, १८०७ चा. तो मुलगा कामीय यानं खऱ्या अर्थानं मोठा केला. प्लेयेल १४ नोव्हेंबर १८३१ ला वारला, पॅरिसच्या पेर-लाशेझमध्ये त्याची कबर आहे. पुढे तीनच महिन्यांनी, २६ फेब्रुवारी १८३२ ला, शोपाँनं पॅरिसमधली आपली पहिली मैफल प्लेयेलच्याच दालनात केली.

स्वतः ४१ सिंफनी आणि ७० क्वार्टेट लिहिलेला माणूस आज पियानोच्या झाकणावर उरला. आणि आमच्या घरी तर तिथेही नव्हता, नुसता ‘शनिवारचं’ होता.

रानमोगरा

किती आपुलकीनं लिहिलं आहे! संगीतातलं फारसं कळत नाही, पण घंटांचा प्रसंग फार आवडला. वाचतेय.

जुनापुराणा

लेख चांगला आहे. एक शंका. ऑस्ट्रियात जन्म, हायडनचा शिष्य, मग शीर्षकात फ्रेंच पद्धतीचं ‘इन्यास’ का? नावाचा उच्चारही जर्मन पद्धतीनं ‘प्लायल’ होईल ना?

शततंत्री

जुनापुराणा, रास्त शंका आहे. जन्माचं नाव इग्नाझ. पण स्ट्रासबुर्गला आल्यापासून सगळं आयुष्य फ्रान्समध्ये गेलं, नागरिकत्व घेतलं, बायको तिथली, धंदा तिथला, कबरही तिथेच. पुस्तकांवर तो स्वतः इन्यास छापत असे. त्यानं जे नाव घेतलं तेच मी वापरलं. ऑस्ट्रियानंही त्याला सोडलेलं नाही, रुपर्स्टालला जन्मघरात त्याचं संग्रहालय आहे.

मांडवीकाठ

ताई, स्कोअर आणि वह्यांचा मुद्दा वाचून एकदम लहानपण आठवलं. आमच्याकडे गोव्यात चर्चच्या शाळेतले मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, स्वरलिपी शिकवायचे. सणाच्या मिस्सासाठी (चर्चमधल्या प्रार्थनेच्या संगीतासाठी) प्रत्येकाला आपापला भाग हातानं उतरवून द्यायचे. मी दुसऱ्या व्हायोलिनवर. माझ्या कागदावर कितीतरी ठिकाणी नुसते विराम, आकडा लिहिलेला : अकरा मात्रागट थांब. त्या अकरात बाकीचे काय करतात ते कागदावरून काही कळत नसे, मोजत बसायचं. पुढे कितीतरी वर्षांनी मुंबईत त्याच मिस्साचा पूर्ण स्कोअर हाती आला, तेव्हा मला कळलं की माझे ते कंटाळवाणे दोन स्वर वरच्या सोप्रानोला (सर्वांत उंच आवाजाला) खालून धरून होते. वाटेत लोकलमध्ये उभ्यानं वाचत गेलो. तेव्हा छोट्या स्कोअरचं मोल मला कोणी सांगायला नको.

ओपस ८ आमच्याकडेही होतं. पहिलं ड्युएट शिकवायला उत्तम, दोन्ही व्हायोलिनांना बरोबरीनं काम दिलेलं आहे. शिष्याला पहिलं आणि गुरूनं नुसती साथ करायची असं नाही. मधेच स्वरावली दुसऱ्याकडे येते आणि पहिला साथीला जातो.

शततंत्री

मांडवीकाठ, अगदी हेच! सर वाजवतात तो तुकडा दोन ओळींनंतर लेकीकडे येतो, आणि तो आला की ती नेहमी जराशी घाई करते. तुमचा लोकलमधला प्रसंग सरांना वाचून दाखवणार आहे.

खिळेवाला

वडिलांचा छापखाना होता. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, केसेसमध्येच वाढलो. पायानं चालणारं छपाईयंत्र, ट्रेडल, चालवलं आहे, जुळाऱ्यांच्या शेजारी बसून प्रुफं तपासली आहेत. म्हणून या छपाईबद्दल थोडं.

स्वरलिपी खिळ्यांनी जुळवायची झाली तर प्रत्येक खिळ्यावर स्वराबरोबर पाच रेघांचा एकेक तुकडा घ्यावा लागतो. ते तुकडे शेजारी लावले की रेघेत फटी दिसतात, आणि एकावर एक दोन स्वर आले की जुळाऱ्याच्या नाकी नऊ येतात. म्हणून प्लेयेलच्या काळात हे काम पत्र्यावर व्हायचं. कथील आणि शिसं यांच्या मऊ मिश्रधातूचा पत्रा. पाच दातांचं हत्यार पट्टीला टेकवून ओढलं की पाच रेघा एका झटक्यात. मग स्वरांची डोकी, चाव्या (ओळीच्या सुरुवातीची चिन्हं), अक्षरं यांचे पोलादी ठसे हातोडीनं ठोकायचे. सगळं उलटं, आरशातल्यासारखं, उजवीकडून डावीकडे. दांड्या आणि वळणदार रेघा छिन्नीनं कोरायच्या. मग शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून रुळाखालून काढायचं. शाई खोबणीतून कागदावर येते. जुन्या पानांवर बोट फिरवलं तर रेघ हाताला लागते.

चूक झाली तर? पत्रा उलटा करायचा, नेमक्या जागी मागून ठोकून खड्डा वर आणायचा, पुढून सपाट करायचा आणि नवा ठसा मारायचा. आमच्याकडे चुकीचा खिळा चिमट्यानं उपसून दुसरा घालत, तसंच.

धंद्याच्या दृष्टीनं मोठा फायदा असा की खिळे सोडून परत केसमध्ये टाकावे लागतात, पत्रा मात्र तसाच ठेवता येतो. मागणी आली की पन्नास प्रती काढा, परत फळीवर ठेवा. भांडवल कागदात अडकत नाही. चार हजार रचना छापणाऱ्याकडे पत्र्यांची केवढी मोठी रास असेल! पानाच्या तळाशी जो बारीक आकडा असतो तो या पत्र्यांचा क्रमांक. त्यावरून आज अभ्यासक छपाईचं साल ठरवतात.

शततंत्री

खिळेवाला काका, तुम्ही लिहिलंत त्यामुळे मला एक गोष्ट आता नीट समजली, ती इथे सांगते.

प्लेयेलनं हायडनचा समग्र संच काढला त्यात ओपस ३ ची सहा क्वार्टेट होती. हायडनच्या हयातीत निघालेला संच, यादी त्याच्या नजरेखालून गेलेली, त्यानं हरकत घेतली नाही. झालं! दीडशेहून अधिक वर्षं जगानं ती हायडनची मानली. त्यातल्या पाचव्या क्वार्टेटमधलं ‘सेरेनेड’ तर घराघरांत पोचलं. मग १९६४ मध्ये ॲलन टायसन आणि रॉबिन्स लँडन या दोन अभ्यासकांनी, प्लेयेलनं ज्या आवृत्तीवरून ती घेतली होती ती बाय्यो या पॅरिसच्या प्रकाशकाची जुनी आवृत्ती निरखून पाहिली. पहिल्या व्हायोलिनच्या वहीत दोन क्वार्टेटांच्या डोक्यावर पुसलेल्या अक्षरांच्या खुणा दिसत होत्या. नाव होतं हॉफश्टेटर. पत्र्यावरचं नाव कोणीतरी सपाट केलं होतं, पण पुरतं झालं नव्हतं. हॉफश्टेटर हा आमोरबाखच्या मठातला एक साधू, हायडनचा परम चाहता.

‘मागून ठोकून सपाट करायचा’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला. लेकीला हे सांगितलं, तर तिनं उठून त्या झेरॉक्सच्या वर पेन्सिलीनं ‘प्लेयेल’ लिहिलं.

कोमल ऋषभ

म्हणजे गुरूवरच्या भक्तीपोटी शिष्यानं दुसऱ्याच कोणाचं काम गुरूच्या नावावर टाकलं. अजाणता असेल, तरी त्या साधूवर अन्यायच झाला. समग्र संच काढणाऱ्यानं जास्त कसून बघायला हवं होतं असं मला वाटतं.

शततंत्री

कोमल ऋषभ, मान्य आहे, अन्याय झाला. पण नाण्याची दुसरी बाजू ऐका. १७८० च्या दशकात हायडननं लंडनच्या फॉर्स्टर या प्रकाशकाला तीन पियानो ट्रायो (पियानोसह तीन वाद्यांच्या रचना) आपल्या नावानं पाठवली. त्यातली दोन आज प्लेयेलची मानतात. त्यावरून लंडनच्या प्रकाशकांत कोर्टकज्जाही झाला. म्हणजे शिष्याचं काम गुरूच्या नावावर आधीच विकलं गेलं होतं. हे सगळं पोटात ठेवून, पुढे पैसे घालून, गुरूचीच क्वार्टेट एकत्र छापणारा हा माणूस आहे. मला तो यासाठी मोठा वाटतो.

१८०० मध्ये तो हायडनला भेटायला निघाला होता, पण फ्रान्स-ऑस्ट्रिया युद्ध चालू, ड्रेस्डेनच्या पुढे जाऊ दिलं नाही. शेवटी १८०५ मध्ये मुलाला घेऊन व्हिएन्नाला पोचला. हायडन ७३ वर्षांचा, थकलेला. त्याच फेरीत बाप-लेकांनी बीथोवनला वाजवताना ऐकलं.

मांडवीकाठ

नावांची गफलत निघालीच आहे तर : संगीतकार ब्रह्म्सनं १८७३ मध्ये ‘हायडनच्या चालीवर’ म्हणून प्रसिद्ध व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच चालीची वेगवेगळी रूपं, लिहिली. ती ‘संत अँथनीची’ चालही हायडनची नाही असं आता मानतात, आणि ती प्लेयेलची असावी असा एक तर्क आहे. पुरावा नाही, पण तर्क कानाला पटतो.

साखरझोप

कामीय प्लेयेलचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. त्याची बायको मारी मोक ही नावाजलेली पियानोवादक. तिचं लग्न आधी संगीतकार बेर्लिओझशी ठरलं होतं! बेर्लिओझ शिष्यवृत्तीवर रोमला गेला आणि इकडे १८३१ मध्ये तिच्या आईनं मुलीचं लग्न कामीयशी ठरवल्याचं कळवलं. त्यानं मोलकरणीचा वेश आणि पिस्तुलं घेतली, पॅरिसला जाऊन सगळ्यांना आणि मग स्वतःला संपवायचं ठरवलं. नीसपर्यंत येता येता राग निवळला. हे त्यानं स्वतःच आठवणींत लिहून ठेवलं आहे. तो पुढे गेला असता तर शोपाँला हवे तसे पियानो करून देणारा कामीय राहिला नसता.

जुनापुराणा

धागा वाचनखूण म्हणून साठवला. मूळ लेखातला एक प्रश्न मात्र राहिलाच. मोत्झार्ट तारीफ करतो, लंडन डोक्यावर घेतं, मग याचं संगीत मागे का पडलं? दर्जा कमी होता का?

शततंत्री

मी गेल्या महिनाभरात त्याची दहा-बारा क्वार्टेट ऐकली. माझ्या कानाला पटलं ते सांगते. त्याची लिखाई स्वच्छ आहे, चाल पटकन ओठांवर बसते, घरी चार मित्रांना वाजवता येईल अशी. म्हणूनच ती त्या काळी एवढी खपली. अमेरिकेतल्या नँटकेट बेटावर, जिथले लोक व्हेल माशांच्या शिकारीवर जगत, तिथे १८२२ मध्ये त्याच्या नावानं संगीतमंडळ निघालं होतं. पण हायडन ऐकताना मधेच जे दचकायला होतं ते इथे कमी होतं. आणि मग बीथोवन आला. त्यानंतर लोकांना क्वार्टेटकडून वेगळंच काही हवं झालं. पॅरिसचं दुकान वाढलं तसं प्लेयेलनं स्वतः लिहिणंही फार कमी केलं. कागद, पत्रे, उधारी, पत्रव्यवहार. माद्रिदहून बोकेरिनीची पैशांच्या तगाद्याची पत्रं येत असत. प्रकाशकाचं आयुष्य काय असतं ते खिळेवाला काका जास्त जाणतात.

खिळेवाला

जाणतो. दिवसा दुसऱ्याचं छापायचं, रात्री वसुलीच्या वह्या. स्वतःचं लिहायला सवड कुठली! वडील कविता करत, हे आम्हाला ते गेल्यावर कपाट उघडलं तेव्हा कळलं.

रानमोगरा

काका... 🙏

साखरझोप

शततंत्री, माझा पुतण्याही व्हायोलिन शिकतो. ही ड्युएट कुठे मिळतील? आणि दोघंही नवशिके असतील तर जमतील का?

मांडवीकाठ

मी सांगतो. प्लेयेलवर आता कोणाचाही हक्क नाही, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांची पानं जाळ्यावर मोफत मिळतात. छापील हवं तर मुंबईत पाश्चात्त्य वाद्यांच्या दुकानात विचारा. अगदी नवशिक्यांना ओपस ८ जरा जड जाईल. पहिली पोझिशन (डाव्या हाताची मूळ जागा) पक्की आणि गज सरळ चालायला हवा. सुरुवातीला ओपस ४८ घ्या, ते लहान आणि सोपं आहे. आणि पुतण्याला आधी दुसऱ्या व्हायोलिनची वही द्या. शक्य झालं तर दोन्ही ओळी एकाखाली एक छापलेली आवृत्ती बघा, म्हणजे समोरचा काय वाजवतो आहे ते त्याला पहिल्या दिवसापासून दिसेल.

शततंत्री

आणि झेरॉक्स काढलीत तर वरची कड तेवढी सांभाळा.